टक टक, आणि जरा थांबून टक

मी एक जुनं रॉक गाणं आहे, मित्रांनो. माझ्या काळी मी रेडिओवर लागले, की घरातली थोरली माणसं म्हणायची, "आधी तो कल्ला बंद कर." आता मीच इतकं जुनं झाले आहे, की फक्त थोरल्या माणसांनाच आठवते.

माझा जन्म तुरुंगात झाला. मला रचणारा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. भांडणात त्याने एकाला मारलं आणि त्या माणसाचा डोळा कायमचा गेला. शिक्षा जास्त झाली, असं तो कधी म्हणाला नाही. आतही मारामारी केली, तेव्हा त्याला तीन महिने एकट्याच्या कोठडीत टाकलं. सिमेंटचा ओटा, पत्र्याचा मग, आणि हात पोचणार नाही इतक्या उंचावर खिडकी. गिटार कुठली असायला? तो बोटांच्या पेरांनी भिंतीवर ताल धरायचा आणि मला पुटपुटायचा.

माझी एक ओळ आहे, 'भिंत माझी, भिंत तुझी, आहेस ना रे तिथे?' ती म्हणून एकदा तो घोटभर पाणी प्यायला थांबला. तेवढ्यात भिंतीपलीकडून आलं, टक टक... टक. तिसरी टक मागे राहिलेली, जिना चढताना मध्येच कोणी दम खावा तशी.

त्या दिवसापासून त्या ओळीनंतर माझ्यात एक रिकामी जागा झाली. रोज दुपारी ताटं परत गेली, की तो गायचा, तिथे थांबायचा आणि पलीकडचा उत्तर द्यायचा. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्यांना बाहेर काढायच्या वेळा वेगळ्या. मग एका दुपारी उत्तर आलंच नाही. त्याने मला तीनदा गायलं.

"बाजूचा कुठे गेला?" त्याने पहारेकऱ्याला विचारलं.

"सुटला असेल, नाहीतर हलवला असेल. तुला काय, सोयरीक जुळवायचीय?"

सुटल्यावर तो त्याच्या शिवणकाम करणाऱ्या ताईकडे राहिला आणि वर्षभरात माझी रेकॉर्ड निघाली. ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला होता, "इथे भोक पडलंय. ड्रम घालून बुजवू या."

"राहू दे."

"लोकांना वाटेल, सुई अडकली."

"वाटू दे."

लोकांना तसं काही वाटलं नाही. उलट त्यांना ती जागा फार आवडली. हजारो माणसं त्या ओळीनंतर एकदम तीन टाळ्या वाजवायची. मला ते कौतुक गोड लागायचं, खोटं कशाला बोलू? तो मात्र तिथे माइकपासून मागे सरायचा, मान तिरकी करून ऐकायचा, आणि मग पुढची ओळ म्हणायचा.

एकदा ताई पहिल्या रांगेत होती. परत येताना म्हणाली, "एवढे लोक टाळ्या वाजवतात आणि तू सुतकी तोंड करून उभा. काय चुकलं त्यांचं?"

"काही नाही गं ताई. सगळे अगदी तालात वाजवतात."

"मग?"

"तो चुकायचा."

पुढे त्याने मला गायचंच सोडलं. नवी गाणी आली. माझ्या उरलेल्या रेकॉर्डी ताईच्या कपाटात, कापडाच्या तुकड्यांखाली गेल्या. मित्रांनो, छत्री वापरली नाही तरी कोपऱ्यात निदान असते. गाणं कोणी गायलं नाही, वाजवलं नाही, तर ते कुठेच नसतं. अशी माझी कित्येक वर्षं गेली.

मग ताई वारली. तिचा गळ्यात मोजपट्टी अडकवलेला फोटो घेऊन तो एका फ्रेमवाल्याच्या दुकानात गेला. फ्रेमवाला पाठीत वाकलेला, बायको मागे काच पुसत होती. त्याने पट्ट्या कापून जुळवल्या, चिमटीत खिळा धरला, तो उभा राहावा म्हणून हलकेच दोनदा ठोकलं, बोटं काढून घेतली आणि मग घाव घातला.

टक टक... टक. मग दुसरा खिळा. टक टक... टक.

"तिसरा ठोका उशिरा का?" गाणाऱ्याने विचारलं.

"बोटं काढायला नकोत? नवशिके काढत नाहीत, मग बोंबलतात. जन्म गेला यात. आता दार वाजवलं तरी तसंच वाजतं."

तेव्हा गाणाऱ्याने काउंटरवर बोटांची पेरं टेकवली आणि इतक्या वर्षांनी मी आले. शब्द नाहीत, नुसता ताल. त्या ओळीपर्यंत आला आणि थांबला.

फ्रेमवाल्याची हातोडी वरच राहिली. त्याने मागे बायकोकडे पाहिलं. ती काचेवर फुंकर मारून पुसत होती. तिला तुरुंगातल्या त्या दिवसांबद्दल काही ठाऊक नसावं.

"फोटो मंगळवारी न्या," तो म्हणाला.

"बरं."

गाणारा दोन पायऱ्या उतरून फुटपाथवर पोचला, आणि मागून आलं, टक टक... टक. त्याने वळून पाहिलं. फ्रेमवाला मान खाली घालून उभा होता. खिळा नाही, हातोडी नाही. बोटांची पेरं काउंटरवर.

"काय हो, कुणाला हाक मारताय?" बायकोने विचारलं.

"हाक नाही. आहे म्हणून सांगतोय."

मंगळवारी काय झालं, ते मला माहीत नाही. त्यानंतर मला कोणी गायलेलं नाही.

तुमच्यापैकी कोणाला मी कधी सापडले, तर खुशाल गा, मित्रांनो. शब्द विसरलात तरी चालेल, बेसूर झालात तरी चालेल. एवढंच करा, की त्या ओळीनंतर टाळ्या वाजवू नका. जरा थांबा. उत्तर देणाऱ्याला आधी बोटं काढून घ्यायची असतात.