झावळीचा क्रूस

माझ्या पित्ताशयातल्या खड्यांचं काय करायचं, ते आमच्याकडे डॉक्टर ठरवत नाहीत, आमचे हे ठरवतात. भांडुपच्या आमच्या चर्चमध्ये वडील म्हणून, म्हणजे कारभारी मंडळात, निवडून आलेत ना जयवंतराव! काही अडलं की डोळे मिटायचे, पवित्र शास्त्र उघडायचं आणि बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ती देवाची आज्ञा.

मुलुंडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, त्याच संध्याकाळी ह्यांनी बोट ठेवलं. आली आसा नावाच्या राजाची गोष्ट. आजारी पडला, देवाला सोडून वैद्यांकडे गेला नि मेला. पुढे एकदा मी दुखण्यानं गडाबडा लोळले, तेव्हा पुन्हा बोट. पुन्हा आसाच!

"सुलक्षणा, देव दोनदा सांगतोय," हे म्हणाले. "प्रार्थना कर."

प्रार्थना काय करत नव्हते मी? शास्त्र देवाच्या प्रेरणेनं लिहिलंय, ह्याचं बाळकडूच मिळालंय मला. पण एवढं मोठं शास्त्र देवानं वाचायला दिलं, की लॉटरी काढायला?

शनिवारी कपाट पुसताना ते पुस्तक हातातून सटकलं नि पलंगावर आपोआप उघडलं. आसा! त्या पानात ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेला, झावळीचा जाडजूड क्रूस. मग दुसरीकडे उघडणार कसं? अस्सा संताप आला मला!

ह्यांना दाखवलं, तर म्हणतात, "देव झावळीतूनही बोलतो गं."

मी कपाळावर हात मारला. हे अंघोळीला गेले, तसा क्रूस उचलला आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात ठेवला. धडधाकटांना नाही, दुखणाइतांना वैद्य लागतो, असं प्रभू म्हणतो ना, टोक बरोब्बर त्या ओळीवर.

रविवारी उपासनेहून आल्यावर म्हटलं, "शेवटचं एकदा विचारा."

ह्यांचं बोट क्रूसावरून चाचपडत टोकापाशी थांबलं. वाचून डोळे भरून आले ह्यांचे. "आज्ञा झाली! उद्याच दवाखान्यात जाऊ."

आनंद व्हायला हवा होता. माझा जळफळाट झाला.

"क्रूस मी हलवलाय."

 हे हळूच म्हणाले, "देवानंच तुझ्या हातून हलवला असेल."

"असं? मग पाच महिने तोच माझ्या तोंडून ओरडत होता, तेव्हा कुठे होते तुमचे कान?"

ह्यांनी पुस्तक मिटलं. कुशीवर दाबून धरलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं.

"खूप दुखतं का गं?" ह्यांनी पहिल्यांदाच विचारलं.