चौथी जोंग

ऐका ना, मधे कोणी बोलायचं नाही! जोंगच्या शर्यतीत आमच्या गावाला चारच जागा. तीन ठरलेल्या. चौथी एक तर माझी, नाहीतर माझा चुलतभाऊ बांग साफ्री याची. आणि मी धक्क्यावर सगळ्यांसमोर बोलून बसलेली, "चौथी माझी, होडी पण मीच बांधणार!"

आता जोंग म्हणजे वावभर लांब शिडाची होडी, पण आत माणूस नाही. सोडली की सोडली. सरळ जाणं बांधतानाच तिच्यात घालावं लागतं.

बांग साफ्री म्हणाला, "हस्नीदा, तुझी गोल फिरून तुलाच शोधत येईल."

झालं, माझं डोकं तापलं. सातवीणीचा ओंडका आणला. तो महिनाभर सावलीत वाळवायचा असतो. मी काय केलं? पत्र्यावर टाकला, कडक उन्हात. आठवड्यात वाळला! तासला, कोरला, नाळ, म्हणजे पुढचं टोक, काय सुंदर आली होती, आणि एक दिवस टक्! मधोमध चीर.

पाक लोंग, म्हणजे माझे मोठे काका, गावाचे जोंगवाले, आत जेवत होते. आतूनच म्हणाले, "वाजली?"

"वाजली."

"मग दुसरा आण."

एवढंच! ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसरा ओंडका घराखाली, खांबांमधे, सावलीत. मी रोज जाऊन दाबून बघायची. पाक लोंग म्हणायचे, "भात शिजतोय का तिथे?" पण महिना काढला. खरंच काढला. मग कोरला, तोल धरायला बाजूला आडवी उलांडी बसवली, तर म्हणाले, शीड नाही लावायचं. आधी होडी नुसती पाण्यात उभी राहू दे. मी कॉफी पिईन, तोवर तू हात लावायचा नाहीस.

आणि पाक लोंगची कॉफी! फुंकतात, गप्पा मारतात, परत फुंकतात. तोवर होडी हळूच डावीकडे कलायची. मग पॉलिश पेपरने डावीकडून थोडं घासायचं, परत पाण्यात, परत कॉफी. अकरा दिवस. बाराव्या दिवशी कप रिकामा झाला आणि होडी तशीच उभी. माझे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले!

मग चाचणी. समोरच्या वाळूच्या पट्ट्याला जी आधी लागेल तिची जागा. पाक लोंगचा हात खाली आला की सोडायला मोकळे, कधी सोडायची ते ज्याचं त्याने बघायचं. बांग साफ्रीची लालभडक, चकचकीत. हात खाली आला आणि त्याने लगेच सोडली.

मी नाही सोडली. वारा धक्के देत येत होता, पाण्यावर झोताचा काळा पट्टा सरकत येताना दिसत होता. काठावरून सगळे ओरडतायत, "सोड गं, झोपलीस का?" मी शीड धरून गुडघाभर पाण्यात उभी. तो झोत आला, बांग साफ्रीच्या होडीला आडवं केलं, पुढे निघून गेला. मागून वारा एकसारखा झाला. तेव्हा सोडली.

अशी गेली म्हणता! दोरी ताणल्यासारखी सरळ. बांग साफ्री पाण्यात धावत आपली होडी उचलत होता, तोवर माझी पट्ट्यावर टेकली पण.

रविवारी शर्यत आहे. चौथी निळी, ती माझी. सगळ्यांनी यायचं.