बर्फमातेच्या दिवशी आम्ही बुडालो

पाच ऑगस्टला आमच्याकडे बर्फमातेचा सण असतो. सरडेसुद्धा दगडाखाली शिरतात अशा उन्हात आम्ही जाड काळे कपडे घालून, तिने कधीकाळी भर ऑगस्टात पाडलेल्या बर्फाचे आभार मानायला जातो, आणि यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. मातेचं चर्च बेटाच्या दक्षिण टोकासमोर एका खडकावर आहे. वर्षभर त्याला कुलूप असतं. फक्त या एका दिवशी ते उघडतं आणि सूर्य पाण्याला टेकला की बंद होतं.

माझी लेक तोन्का झाली तेव्हा दीड किलोची होती. स्प्लिट शहरातल्या इस्पितळात ती काचेच्या पेटीत होती आणि पेटीच्या अलीकडे मी. मी रसायनशास्त्र शिकलेय. नवसबिवस आमच्या घरात कुणी बोललेलं मला आठवत नाही. तरी तिथे बसल्या बसल्या मी बोलून गेले, ही घरी आली तर वर्षाच्या आत तुझ्या खडकावर हिचा बाप्तिस्मा करीन. ती घरी आली. सप्टेंबरात तिचं वर्ष भरणार होतं. म्हणजे करायचा तर या पाच ऑगस्टला, नाहीतर नवस बुडाला. माता रागावेल असं मला दिवसाउजेडी मुळीच वाटत नव्हतं. पण पोरीला साधी शिंक आली तरी माझं शिक्षण कुठेतरी निघून जायचं आणि मी एकटीच उरायचे.

घरापासून खडकापर्यंत अंतर असं काही नाही. सकाळी शीड उभारलं तर जेवायच्या आत माणूस पोचतो. पण हे झालं नातेवाईक नसलेल्या माणसाचं. आमच्या किनाऱ्याला खाड्या फार, आणि प्रत्येक खाडीत याक्शाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, कुणीतरी राहतं. घरासमोरून हाकेच्या अंतरावरून जाणाऱ्या नातेवाइकाने उतरलंच पाहिजे, असा आमच्याकडे नियम आहे. याक्शाचे आजोबा एकदा अंगात ताप होता म्हणून आंजुला आत्याच्या घरासमोरून न थांबता गेले. आजोबा जाऊनही वर्षं झाली, पण आत्या अजून लग्नाच्या जेवणात आमच्या घरच्यांना सगळ्यात शेवटी वाढते.

म्हणून मी आदल्या दिवशीच बजावलं, "याक्शा, उद्या कुठेही उतरायचं नाही. फोनसुद्धा बंद ठेवायचे."

"बरं," याक्शा म्हणाला.

आणि सकाळी सासूबाई धरून आम्ही चौघं निघालो, तर पहिल्याच खाडीत आत्याच्या धक्क्याला दोर बांधून तो मोकळा झाला. "तिने हात केला, मिरना. मी काय करणार?"

"तिने हात केला नाही, ती चादर वाळत घालत होती!"

"तेच ते. आता दिसलो ना आपण."

आत्याने आधी दोन्ही खिडक्या बंद केल्या. वाऱ्याचा झोत लागून बाळं दगावतात यावर आमच्या बेटावर सगळ्यांचं एकमत आहे. त्या भट्टीत आम्ही कॉफी प्यायलो, मग सुके अंजीर, मग अंजिराची ब्रँडी, मग पुन्हा कॉफी. मी उठले की आत्या तोन्काला घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. मी तिच्या मागोमाग.

"किती अस्वस्थ गं तुझी सून, लुक्रा," आत्या सासूबाईंना म्हणाली.

"शिकलेली आहे," सासूबाई म्हणाल्या.

तिथून सुटलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पुढच्या खाडीत बेपो राहतो, याक्शाचा चुलत भाऊ, आणि त्याची बायको केका. केकाच्या घरून जेवल्याशिवाय आजवर कुणी बाहेर पडलेलं नाही, आणि जेवण संध्याकाळपर्यंत चालतं. मी रडायच्या बेताला आले. याक्शाला ते दिसलं असावं, कारण त्याला एक युक्ती सुचली. तसं त्याच्या बाबतीत क्वचितच होतं.

"शीड उतरवतो. सगळ्यांनी होडीत आडवं व्हायचं, वरून शीड ओढून घ्यायचं. प्रवाह आपोआप पुढे नेईल. रिकाम्या होडीला कोण बोलावणार?"

"या कपड्यांत मी आडवी होऊ?" सासूबाई म्हणाल्या. पण केकाच्या जेवणाची त्यांनाही धास्ती होती. त्या आडव्या झाल्या.

शिडाखाली काळोख आणि डांबराचा वास. तोन्काला छातीवर घेऊन मी एका हाताने कापड उचलून धरलं आणि दुसऱ्या हाताने तिला वारा घालत राहिले. ती खुशीत होती, माझं कानातलं ओढत होती. सगळं ठीक चाललं होतं. मग किनाऱ्यावरून बेपोचा आवाज आला.

"केका! अगं केका! ही याक्शाची होडी! आत कुणी नाही!"

"नीट बघ!"

"बघतोय ना! कुणीच नाही! शीड पडलंय!"

मग केकाने जी किंकाळी फोडली, ती ऐकून तोन्का टाळ्या वाजवायला लागली.

मी उठायला गेले तर सासूबाईंनी माझा घोटा पकडला. "झोप खाली! आता उठलीस तर आपण लपलो होतो हे कळेल."

"आई, त्यांना वाटतंय आपण मेलो!"

"मेलेलं परवडलं."

"याक्शा, तू तरी बोल!"

"आई म्हणतेय त्यात तथ्य आहे," काळोखातून याक्शा म्हणाला.

बेपोच्या मोटारबोटीचा आवाज जवळ आला. आकडा अडकला, धक्का बसला आणि आम्ही किनाऱ्याकडे निघालो. बेपो मोठमोठ्याने रडत होता. "याक्शा रे... लहानपणी तुझी सायकल मीच पाण्यात टाकली रे..." याक्शा शिडाखाली ताडकन उठून बसणार होता. आता मी त्याचा हात धरला.

धक्क्याला लागल्यावर बेपोने हुंदके देत शिडाची घडी घालायला घेतली, चांगलं शीड कशाला खराब होऊ द्यायचं म्हणून. एका घडीत याक्शा निघाला, दुसऱ्या घडीत मी आणि तोन्का. सासूबाईंनी उठून बसून डोक्याचा रुमाल सारखा केला.

"आलो रे बेपो," त्या म्हणाल्या. "उतरायचंच होतं तुझ्याकडे."

बेपोच्या हातातलं शीड गळून पडलं. "तुम्ही जिवंत आहात?"

"झोप लागली होती," याक्शा म्हणाला.

"चौघांना?"

"ऊन किती आहे बघ ना."

"आणि सायकलचं ऐकलंस?"

"ऐकलं."

दोघं एकमेकांकडे बघेनासे झाले. वर खिडकीत केका फोनवर होती. "हो ना, चौघंही गेली... बाळसुद्धा... होडी तेवढी सापडली. बरं, ठेवते आता, ती आलीत." मग खाली वाकून म्हणाली, "वर या, वर या, कोकरू चुलीवर आहे!"

सणाचं कोकरू आता मयताच्या जेवणाचं झालं होतं, तेव्हा ते सोडून जाणं तर अजिबातच शक्य नव्हतं. केकाने आमच्यासाठी मनापासून अश्रू गाळले होते. तिने प्रत्येक खाडीत फोन केला होता, फादर कुझ्मांना केला होता, खडकावर चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या पाविकाला केला होता.

"मग पुन्हा फोन करून सांगा ना, आम्ही आहोत म्हणून!" मी म्हटलं.

"सांगू गं. चांगली बातमी थोडीच नासतेय? आधी जेव, मेलीस म्हणून किती वाळलेली दिसतेस."

जेवणाच्या मध्यावर फादर कुझ्मा आले. गावाच्या बंदरातून खडकाकडेच निघाले होते, केकाचा फोन आला म्हणून बोट वळवून इकडे आलेले. गळ्यात मयताची जांभळी पट्टी, चेहरा उतरलेला. आम्हाला जेवताना बघून ते दारातच थांबले. मग त्यांनी पट्टी काढून खिशात ठेवली आणि विचारलं, "कोकरू आहे का?"

केकाने त्यांना माझ्याच शेजारी बसवलं. ते शांतपणे हाडं चोखत होते. खडकावर आज माझं काम आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण "होईल गं, पोचू की," असं म्हणून ते पुढचा तुकडा घेत होते. खिडकीतून येणारं ऊन आता समोरच्या भिंतीवर चढलं होतं. ते वर सरकत होतं आणि माझ्याखेरीज कुणीच तिकडे बघत नव्हतं. आणखी वाइन आली. बेपोने गाणं सुरू केलं.

मी तोन्काला उचललं आणि फादरच्या मांडीवर ठेवलं. "जरा धरा हं." त्यांनी काटा खाली ठेवून तिला धरलं. मी त्यांची पिशवी खांद्याला लावली, पायऱ्या उतरले आणि वरच्या खिडकीत तोन्का दिसत राहील अशी त्यांच्या बोटीत जाऊन बसले. पिशवीत त्यांचं सगळं सामान होतं, आणि त्यांच्या हातात माझं. काही वेळ वरून नुसता गोंधळ ऐकू आला. मग तोन्काला धरून फादर आले, मागून नवरा, सासूबाई, आणि बोट चालवायला बेपो, कारण फादर बरंच प्यायले होते. बेपोही प्यायला होता, पण त्याला सवय होती.

खडकावर सणाचं माणूस नव्हतं. बातमी ऐकून सगळे आमच्यासाठी शोक करायला आपापल्या घरी गेले होते. चर्चच्या पायरीवर एकटी पाविका बसली होती. सत्तरीची असेल. किल्ली तिच्या गळ्यात, दार बंद.

"उघड पाविका, लवकर," मी म्हटलं. "बाप्तिस्मा आहे."

"आज नाही. आज दुखवटा."

"कुणाचा?"

"तुमचा," पाविका म्हणाली.

फादर पुढे झाले. "अगं, ही माणसं जिवंत आहेत."

"ते दिसतंय मला, फादर. मी काय आंधळी आहे? पण मी मयताची घंटा वाजवली. घंटा वाजली की सूर्य बुडेपर्यंत बाप्तिस्मा नाही, लग्न नाही. माझ्या आईनेही हेच पाळलं."

"चूक झाली म्हणायचं आणि उघडायचं."

"माझी चूक झाली असेल. घंटेची कशी होईल? ती वाजली ती वाजली."

"मग आता सणाची वाजव," याक्शा म्हणाला.

"दुखवट्यात सणाची घंटा?" पाविका त्याच्याकडे बघून म्हणाली. "तुझ्याच दुखवट्यात तुला सण सुचतोय. लाज वाटू दे."

"मी धर्मगुरू आहे आणि मी सांगतोय, उघड," फादर म्हणाले.

"तुम्ही वर्षातून एकदा येता, फादर. मला या घंटेबरोबर रोज राहायचंय."

फादर वैतागून खडकावर बसले. सूर्य पाण्यापासून हातभर वर होता. किल्ली हिसकावून घ्यावी असं क्षणभर माझ्या मनात आलं. पण पाविकाचे हात माझ्या मांडीएवढे आहेत. तोन्काने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं होतं, तिचं कपाळ मला गरम लागलं. उन्हाने असेल. उन्हानेच असणार.

"पाविका," मी म्हटलं, "मयत चर्चमध्ये आणतात ना?"

"मग? कुठे नेणार दुसरीकडे?"

"तर मग आण आम्हाला आत."

पाविकाने हनुवटी खाजवली. "हां," ती शेवटी म्हणाली. "ते होतं. मयत दाराबाहेर ठेवता येत नाही." आणि तिने गळ्यातली किल्ली काढली.

मी उंबऱ्याकडे धावले तर तिने हात आडवा घातला. "तू कुठे? मयत चालत नाही. उचलून आणावं लागतं, पाय पुढे करून."

"मी उचलतो हिला," याक्शा म्हणाला.

"तूही मेलायस."

पाविका दारातून हलेना, तेव्हा उचलायला जिवंत असे दोघेच होते, फादर आणि बेपो, आणि त्या दोघांना सरळ उभं राहणंही कठीण जात होतं. पहिलं कुणाला न्यायचं यावर त्यांची चर्चा सुरू झाली. वयाने मोठ्या म्हणून सासूबाईंचा मान, असं बेपोचं मत पडलं. सासूबाई तर आडव्या व्हायच्या तयारीला लागल्या. सूर्याची खालची कड लाल झाली होती.

"हिला एकटीला न्या," मी म्हटलं.

तोन्का घरी आल्यापासून दुसऱ्या कुणाच्या हातात ती माझ्या नजरेआड गेली नव्हती. आत्याकडे मी मागे गेले होते, फादरच्या मांडीवर असताना मी पायऱ्यांच्या खालून बघत होते. बेपोने दोन्ही तळहातांवर तिला आडवं घेतलं. तिचे पाय पुढे होते, एका पायातला मोजा निसटला होता. तिला हा नवा खेळ वाटला. ती हसत आत गेली. पाविका उंबऱ्यात उभी राहिली आणि आम्हाला म्हणाली, "बाकीच्या मयतांनी तिकडे थांबा. नंबर आला की बोलावते." आणि तिने दार लोटून घेतलं.

मी दाराला कान लावला. आत फादरचा जड आवाज, बेपोचा अडखळता होकार. बाप्तिस्म्याला लागणारा धर्मपिता म्हणून तोच उरला होता. मग काही ऐकू येईना. लाकडाचा खडबडीतपणा गालाला टोचत होता. याक्शाने माझ्या पाठीवर हात ठेवला, मी तो झटकला, मग स्वतःच पुन्हा ओढून घेतला. मग पाण्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ तोन्काने असा टाहो फोडला की खडकावरचे पक्षी उडाले.

दार उघडलं. पाविका क्रूसाची खूण करत बाहेर आली, तिचे डोळे वाहत होते. "उठली गं मिरना! तुझी लेक उठली! मातेने उठवली!"

"अगं, तू आत्ताच तिला जिवंत पाहिलंस की!"

"ती गोष्ट वेगळी. तेव्हा ती नुसती जिवंत होती." आणि ती घंटेच्या दोराकडे धावली.

बेपोने तोन्काला माझ्या हातात दिलं. डोकं भिजलेलं, चेहरा लालबुंद, प्रचंड रागावलेली. सूर्य पाण्याला टेकत होता. मी पायरीवर बसले.

तेवढ्यात याक्शा म्हणाला, "ते बघ."

सगळ्या खाड्यांमधून होड्या येत होत्या. मयताच्या घंटेकडे निघालेली काळ्या कपड्यांची माणसं, हातात दुखवट्याची झाकलेली ताटं. सगळ्यात पुढे आंजुला आत्या, तिचं रडणं इथवर ऐकू येत होतं. याक्शाने हाक मारायला हात वर केला.

सासूबाईंनी तो खाली ओढला. "थांब रे. आपलं तिघांचं उठणं कुठे झालंय अजून? जरा वेळ मेलेलेच राहू. बघू तरी, कोण कोण येतं आणि कोण किती रडतं."

मी तोन्काला पदराआड घ्यावं तसं शालीत घेतलं आणि पाजायला लागले. मला आता कसलीच घाई नव्हती.