वाट पाहणाऱ्याचा मुलगा

बोक-सूननं परदेश पाहिला तो वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आणि तोही कुठला, तर इथिओपिया.

चुनचॉनच्या जुन्या बाजारात तिचं कुट्टूच्या शेवयांचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्याच चुलीपाशी उभं राहून तिचे गुडघे गेले होते. कोरियाच्या युद्धात लढून गेलेल्या इथिओपियन म्हाताऱ्यांना भेटायला शहरातल्या चर्चनं जथा न्यायचं ठरवलं. मुलगी मि-राननं जेवता जेवता ही बातमी सहज सांगितली, तर बोक-सूननं चमचा खाली ठेवला. माझंही नाव घाल, म्हणाली. शेजारच्या मासळीवालीनं तिची भरपूर थट्टा केली. जेजू बेटावरसुद्धा कधी गेली नाहीस आणि आता आफ्रिकेत निघालीस, तिथं कोण बसलंय तुझं?

"बसलाय की नाही, तेच बघायला चाललेय," बोक-सून म्हणाली.

विमानात मि-रान लगेच झोपली. बोक-सून खिडकीला कपाळ टेकवून बसली आणि बावन्न साल डोळ्यांपुढून हलेना.

तेव्हा ती अठराची होती. ह्वाचॉनकडचं त्यांचं गाव लढाईत दोनदा या हातातून त्या हातात गेलं होतं, आणि दुसऱ्या खेपेनंतर तिथं घर म्हणावं असं काही उरलं नव्हतं. बाप फौजेसाठी पाठीवरून दारूगोळा वाहायचा, तो डोंगरावरच गेला. मायलेकी आघाडीच्या दोन डोंगर मागं, एका ओढ्याकाठी येऊन राहिल्या. वर छावणी, खाली पत्र्याच्या आणि पोत्यांच्या दहाबारा खोपट्या. बायकांना काम एकच, शिपायांचे कपडे धुणं. तिच्या आईला नावानं कुणी हाक मारत नसे. माहेरच्या गावावरून सगळे यांगगूवाली म्हणत. तोंडानं फटकळ. देवालाही एकेरीत झापणारी.

त्या वसंतात छावणीतली तुकडी बदलली. अमेरिकेचे काळे शिपाई बायकांनी आधी पाहिले होते, पण हे निराळे होते. सडपातळ, कोरीव चेहऱ्याचे, आपापसात हळू आवाजात बोलणारे. यांगगूवालीनं लेकीला बजावलं की कपडे घ्यायचे, कपडे द्यायचे, मान वर करायची नाही. छावणीत ह्यॉन मास्तर दुभाष्याचं काम करत. युद्धाआधी ते मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांनी बायकांना समजावून सांगितलं की आपल्यावर चाल झाली तेव्हा जगाकडे मदत मागितली गेली, सोळा देशांनी फौजा धाडल्या, त्यातला हा एक. यांगगूवालीला ते काही पटेना.

"अमेरिकेचं मी समजू शकते, मास्तर. पण ह्यांच्या बापजाद्यांनी आपलं नाव तरी ऐकलं होतं का? कोण कशाला परक्याच्या डोंगरावर मरायला येईल?"

मास्तरांनी चष्मा पुसला आणि ते दुसऱ्या कामाला लागले.

देमिसे त्यांच्या खोपटीपाशी आला तो मिरच्यांमुळे. जखमींना डोलीवर घालून डोंगरावरून खाली आणणाऱ्यांतला तो एक. पंचवीसेक वर्षांचा असेल, कान बाहेर आलेले. कपड्यांचं गाठोडं द्यायला आला आणि चटईवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या पाहून तिथंच उकिडवा बसला. त्यानं एक उचलली आणि सबंध तोंडात टाकली. यांगगूवाली लाटणं घेऊन धावली, चोर म्हणून. मग तिनं त्याचं तोंड पाहिलं. डोळ्यांत पाणी, नाक वाहतंय, आणि माणूस असा तृप्त, जणू माहेरी आलाय. मास्तरांनी नंतर उलगडा केला. ह्यांच्या देशातही मिरचीशिवाय घास उतरत नाही, आणि इथं महिना झाला, डब्यातलं अमेरिकन पिळपिळीत मांस खाऊन पोरं कंटाळलीत.

त्या दिवसापासून कपड्यांबरोबर मिरचीची पूड वर जाऊ लागली. देमिसे त्याच्याकडच्या हिरव्या कॉफीच्या बिया आणायचा, पत्र्याच्या झाकणावर भाजायचा, धूर हातानं ओढून मायलेकींच्या नाकाशी न्यायचा आणि एकदा नाही, तीनदा उकळून पाजायचा. यांगगूवालीनं पहिला घोट घेतला आणि जाहीर केलं की भात करपवून त्याचं पाणी आम्हीही पितो, पण तो असा मुद्दाम कुणी करपवत नाही. तरी तिन्ही वाट्या पिऊन टाकल्या. पण त्याला बाहेरच बसवायची. खोपटीचा उंबरा त्याला नव्हता.

बोक-सून मान खाली घालूनच कपडे घासायची, पण तिला त्याची पावलं ओळखू यायची. हे तिनं पुढं कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

एक गोष्ट मात्र तिनं सगळ्यांच्या आधी हेरली होती. छावणीवरून आपलीच विमानं गेली की बाकीचे शिपाई टोप्या हलवायचे. देमिसे मात्र हातातलं टाकून खडकाच्या कपारीत शिरायचा आणि डोकं कोटानं झाकून घ्यायचा. शरद ऋतूत एका दुपारी असंच झालं. विमान गेलं, तो बाहेर आला, कपडे झटकले. यांगगूवालीला राहवलं नाही. ती मास्तरांना म्हणाली, "विचारा त्याला. मेलेल्यांना उचलायला गोळ्यांत जातो, आणि आपल्याच विमानाला भितो? कसला शिपाई हा?"

मास्तर विचारायला तयार नव्हते. तिनं विचारायलाच लावलं.

देमिसे दगडावर बसला. त्याची इंग्रजी मोडकी, मास्तरांची शाळेतली. तो एक वाक्य बोलायचा, मास्तर त्याची जुळवाजुळव करायचे, आणि ओढ्यावरच्या बायकांचे हात एकेक करून थांबत गेले.

तो नऊ वर्षांचा असताना इटलीच्या फौजा त्यांच्या देशात घुसल्या. त्यांचं गाव अशेंगे तळ्याजवळ. पारावर बातमी आली की जगातल्या सगळ्या देशांची मिळून एक सभा आहे, एकावर चाल झाली तर बाकीच्यांनी धावून जायचं असं त्यांचं ठरलेलं आहे, आणि आपण त्यांना हाक मारली आहे. त्याच्या बापाचा यावर पूर्ण विश्वास. रोज सकाळी गुरं सोडली की तो टेकडीवर चढायचा आणि हाताचा आडोसा करून बघत राहायचा. लोक हसायचे. तो म्हणायचा, समुद्र ओलांडून यायचं म्हणजे वेळ लागणारच. एका सकाळी खरंच विमानं आली. बापानं अंगावरची पांढरी शाल काढली आणि दोन्ही हातांनी हलवायला लागला. आले, आले म्हणून खाली पोराला ओरडून सांगू लागला. विमानं खाली आली आणि त्यांनी पाऊस पाडला. पाण्यासारखा दिसणारा, पण अंगाला लागला की कातडी सोलणारा.

"तिसऱ्या दिवशी बाप गेला," मास्तर म्हणाले. "तो म्हणतो, शेवटपर्यंत विचारत होता, चूक झाली असेल, त्यांना कळलं नसेल आपण कोण ते. नंतर राजा स्वतः त्या सभेपुढं जाऊन उभा राहिला. सगळ्यांनी ऐकून घेतलं. कुणी आलं नाही."

देमिसेनं पुढं आणखी थोडं सांगितलं. कोरियाची हाक आली तेव्हा राजानं त्यांच्या तुकडीला जा म्हटलं आणि तो निघाला. बोटीत तीन आठवडे होते. देश कुठला, शत्रू कोण, त्याला नीट ठाऊक नव्हतं. तिथं कुणीतरी टेकडीवर उभं असेल, एवढंच डोक्यात होतं.

यांगगूवाली उठली, ओले हात घागऱ्याला पुसत खोपटीत गेली. आत भांडी वाजली. ती दारात आली आणि तिनं त्याला हातानं खूण केली. तो बाहेरच्या नेहमीच्या दगडाकडे वळला तशी तिनं त्याची बाही धरली आणि आत ओढलं. घरात तेव्हा एका वेळेचा तांदूळ होता. तो सगळा शिजवून भरलेला वाडगा तिनं त्याच्यापुढं आदळला, वर मिरचीतला मुळा घातला आणि खेकसली, "मगो."

जेव. एवढाच शब्द, तोही पोटच्या पोराला म्हणावा तसा. तो खाली मान घालून जेवला. मायलेकींनी तो दिवस नुसतं पाणी पिऊन काढला.

पुढच्या वसंतात त्याची तुकडी परतली. ट्रक निघाले तेव्हा ओढ्यावरच्या बायका रस्त्याला आल्या होत्या. त्यानं हात हलवला, पण तो कुणाला, हे गर्दीत समजलं नाही. ते आपल्यालाच होतं, असं बोक-सूननं ठरवून टाकलं.

मग आयुष्य सुरू झालं. लग्न, दुकान, तीन बाळंतपणं. यांगगूवाली सत्तर साली गेली. जाईपर्यंत थंडी पडली की म्हणायची, तो मिरचीचोर असेल ना नीट. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात दुकानातल्या टीव्हीवर इथिओपियाचा दुष्काळ दिसला. हाडांची पोरं, डोळ्यांवर माश्या. गिऱ्हाइकांनी शेवया खाता खाता च्‌ च्‌ केलं आणि कुणीतरी म्हणालं, जेवताना काय हे दाखवतात. बोक-सूननं उठून टीव्ही बंद केला. पुढच्या गिऱ्हाइकाच्या वाडग्यात रस्सा ओतला. त्या टीव्ही बंद केलेल्या हाताची तिला पुढची चोवीस वर्षं लाज वाटत राहिली.

आदिस अबाबात जुन्या सैनिकांच्या संघटनेनं तिच्यासाठी माणूस शोधून ठेवला होता. देमिसे, दुसरी तुकडी, डोलीवाला. शहराच्या कडेला टेकडीवर पत्र्याचं छप्पर आणि मातीच्या भिंती, दारात निलगिरी. त्याची मुलगी येशी शाळेत शिकवायची, तिला इंग्रजी येत होतं. म्हातारा खुर्चीत बसला होता, जुना कोट घालून. बोक-सूननं त्याला लगेच ओळखलं. कानांवरून.

त्यानं तिला ओळखलं नाही.

तिनं ओढा सांगितला, खोपटी, कपडे. मि-राननं ते इंग्रजीत केलं, येशीनं त्यांच्या भाषेत. तो सभ्यपणे मान हलवत राहिला, जशी पाहुण्यांपुढं हलवतात. कपडे धुणाऱ्या पुष्कळ मुली होत्या, म्हणाला. छप्पन्न वर्षं आपण एका बाजूनंच दोर धरून उभ्या होतो, असं तिला वाटलं. मग ती म्हणाली, माझी आई होती ना, ती मिरच्यांवरून लाटणं घेऊन तुमच्या अंगावर धावली होती.

देमिसेची मान थांबली. तो खुर्चीत पुढं सरकला.

"मगो," तो म्हणाला. अगदी यांगगूवालीच्याच खेकसणीत.

बोक-सून हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आवरेना. मि-रान घाबरली, कारण आईला तिनं असं कधी पाहिलं नव्हतं. देमिसे मात्र आता थांबायला तयार नव्हता. ती बाई कशी चालायची, कशी ओरडायची, सगळं त्यानं खुर्चीतून करून दाखवलं. येशी म्हणाली, आम्ही लहान असताना जेवायला नखरे केले की बाबा हाच शब्द ओरडायचे. आम्हाला वाटायचं, कोरियात देवाला असंच म्हणत असतील. राजाची सत्ता जाऊन कम्युनिस्ट आल्यावर कोरियाला गेलेल्यांचे वाईट दिवस आले. बाबांची नोकरी गेली, पदक लपवून ठेवावं लागलं, तिकडचं नाव काढायची सोय नव्हती. तेव्हाही हा शब्द घरात चालू राहिला, कारण तो कुठला ते बाहेर कुणाला कळत नव्हतं.

कॉफी उकळत होती तेव्हा बोक-सूननं टीव्हीची गोष्ट सांगितली. मि-रानला ती भाषांतरित करायला नको वाटत होती. आईनं तिला करायलाच लावली. तुम्ही आलात, आम्ही नाही आलो, मी तर बघितलंसुद्धा नाही, असं ती म्हणाली.

देमिसेनं ऐकून घेतलं. काही नाही म्हणून त्यानं हात झटकला नाही, आणि तिची समजूतही काढली नाही. मग तो म्हणाला, "माझी धाकटी त्या वर्षी गेली. दोन वर्षांची होती."

आणि वाटी तिच्याकडे सरकवत, "कॉफी घे. गार होते."

तिनं घेतली. दुसरी वाटीही घेतली. तिसऱ्या वाटीला त्यानं विचारलं की आता तिथं त्या डोंगरावर काय आहे. तिनं सांगितलं, झाडी वाढलीय, आपल्याला वर जायला मनाई आहे, अजून फौज असते. खोपट्या होत्या तिथून मोठा रस्ता गेलाय. आणि ओढा? ओढा आहे, म्हणाली, छावणीच्या उजव्या अंगाला, पूर्वी होता तसाच. देमिसेला ते मान्य नव्हतं. ओढा डाव्या अंगाला होता, तो म्हणाला, मी डोली घेऊन रोज ओलांडायचो. मी रोज त्यात उभी असायचे, तुम्ही मला सांगता? येशी आणि मि-राननं दोन-चार वाक्यं इकडून तिकडं केली, मग दमून सोडून दिली. म्हातारा काठीनं जमिनीवर डोंगर काढत होता, बोक-सून वाकून आपल्या बोटानं तो पुसून पुन्हा काढत होती, आणि दोघं आपापल्या भाषेत, एकमेकांचं एक अक्षर न कळता, त्या ओढ्यावरून भांडत राहिले.