दोन विसा आणि वर तीन

सिद्धेश्वरीबाईंना दुसरीच्या वर्गात एकच पोर छळत होती. ऋतुजा. एरवी बत्तीस मोठं की एकोणतीस, झटक्यात सांगायची. पण गेले तीन दिवस चाळीसच्या शेजारी पुढचा कुठलाही आकडा मांडा, बाईसाहेबांचं उत्तर ठरलेलं, "चाळीस मोठं."

सांगोल्याच्या माळावरची ही शाळा, पटावर पोरं बारा. आकडा काड्यांनी मांडायचा, दहा काड्यांचा एक गठ्ठा, उरलेल्या सुट्या. आधी गठ्ठे बघायचे, ते सारखे निघाले तर सुट्या. एवढं साधं. ऋतुजा मात्र गठ्ठा वीस काड्यांचा बांधायची, कारण धनगराच्या घरात मेंढरं विसाविसांनीच मोजतात. बाईंनी दोनदा गठ्ठे सोडवले, तिसऱ्यांदा सोडून दिलं. उत्तर बरोबर येतंय ना, मग उगाच कशाला किटकिट? पण मग चाळीसपाशीच घोडं पेंड का खात होतं?

आज त्यांनी तिला जवळ बसवलं. "त्रेचाळीस मांड."

ऋतुजानं विसाचे दोन गठ्ठे मांडले आणि मूठ आवळून बसली.

"वरच्या तीन कुठायत?"

बाईंनी चिडून तिची मूठ उघडली. आत तीन काड्या होत्या, घामानं ओल्या झालेल्या.

"ह्या धरू नका की बाई," ऋतुजा रडायलाच लागली. "ह्या धरल्या तर आबा खोटं पडत्यात."

मग सगळं बाहेर आलं. तिचे आईबाप मेंढरं घेऊन अकलूजच्या पलीकडं गेले होते, तुटलेल्या उसाच्या रानात खतासाठी कळप बसवायला. निघताना तिचा आबा, बिरुदेव, तिला म्हणाला होता, "दोन विसा दिसांत येतो." पोर आजीजवळ राहायची आणि रोज सांजेला एक काडी बाजूला टाकायची. काल सांजेला त्रेचाळीस झाल्या होत्या.

बाईंचा राग कुठल्या कुठं गेला. मधल्या सुट्टीत त्यांनी बिरुदेवाला फोन लावला. चांगलं खडसवायचं ठरवलं होतं.

"काय करू बाई," तो म्हणाला, "मालक म्हनतोय आजून चार रानं बसवा. गावाकडं चारा न्हाय, मेंढरं आनून घालू काय? पोरीला सांगा, आजून एक ईस दिस धर म्हनावं. तीन विसाला नक्की येतो."

मागून बाईमाणसाचा आवाज आला, "जेवती का नीट, इचारा की." बाईंना खडसवणं जमलंच नाही.

वर्ग भरल्यावर त्यांनी ऋतुजाला निरोप सांगितला. आता ही हंबरडा फोडणार, म्हणून त्या तिच्या शेजारीच बसून राहिल्या. पण ऋतुजानं उठून डब्यातल्या काड्या घेतल्या, विसाचे तीन गठ्ठे बांधून एका बाजूला ठेवले. दुसऱ्या बाजूला आपले दोन गठ्ठे आणि त्या तीन काड्या, यावेळी एकही न लपवता.

ती बघत राहिली आणि एकदम तिचं तोंड उजळलं.

"बाई, साठ मोठं! त्रेचाळीस ल्हान हाय! आबा चुकलं न्हाईत की वो!"

तीन दिवस घसा कोरडा करून मागितलेलं उत्तर समोर आलं होतं, आणि सिद्धेश्वरीबाईंच्या तोंडून काही केल्या शाबास निघेना.