ड्रॉवरमधले तीन महिने

मी एक जुना बॅज आहे, मित्रांनो. मिरवायचा नव्हे, मोजायचा. काडेपेटीएवढं अंग, पाठीला चिमटा आणि पोटात एक पट्टी. डोळ्यांना न दिसणारे किरण अंगावर किती पडले, तेवढं ती पट्टी टिपते. दर तीन महिन्यांनी ती तपासायला जाते, पोटात नवी येते. अशा किती पट्ट्या वागवल्या, आठवत नाही. आता दमलोय.

माझी नेमणूक इस्पितळाच्या तळघरात, आयोडीनच्या खोलीत झाली. हे आयोडीन किरणोत्सारी असतं. गळ्यातल्या ग्रंथीचा कर्करोग झालेल्यांना ते गिळायला देतात. ते नेमकं त्या ग्रंथीच्या पेशींत जाऊन बसतं आणि उरलासुरला रोग जाळतं. पण रोग्याला जे तारतं, तेच रोज हाताळणाऱ्याला बाधू शकतं. म्हणून तिथे शिशाची भिंत, लांब चिमटे, आणि मी.

मी तिथल्या तंत्रज्ञ ताईंच्या कोटावर असे. या औषधाच्या मात्रा भरण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकदा माझा आकडा चढा आला. तिथले थोरले तंत्रज्ञ, सगळ्यांचे काका, म्हणाले, "ताई, पेशंटपेक्षा तुमच्या बॅजलाच जास्त औषध मिळतंय."

ताई हसल्या नाहीत. आकडा पुन्हा चढला तर त्यांना कागदांच्या टेबलावर बसवणार होते. मात्रा भरणारी माणसं दोनच, आणि बाहेर बाकांवर रोगी ताटकळलेले. त्यांनी मला कोटावरून काढलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं.

तीन महिने मी स्टेपलरशेजारी पडून होतो. रिपोर्ट कोरा आला. वरून शाबासकीही आली. काहीच न करता मिळालेली ती शाबासकी अजून सलते.

त्याच सुमारास ताईंना कळलं, आपल्याला दिवस गेलेत. तिसरा महिना लागला होता. डॉक्टरीणबाईंनी कोरा रिपोर्ट पाहून निर्धास्त राहायला सांगितलं. सासूबाई निर्धास्त झाल्या, नवरा झाला. एकट्या ताई झाल्या नाहीत.

शेवटी त्या काकांसमोर उभ्या राहिल्या. "काका, तो रिपोर्ट माझा नाही. ड्रॉवरचा आहे."

काकांनी या वेळी चेष्टा केली नाही. दोघांनी मात्रांची वही काढून, कोणत्या दिवशी किती हाताळलं ते जुळवलं. संध्याकाळी काका म्हणाले, "धोका बहुधा नाही. पण मी 'बहुधा'च म्हणू शकतो, ताई. नक्की सांगणारा तुम्ही कोंडून ठेवला होतात."

मुलगी धडधाकट जन्मली. आज चार वर्षांची आहे. तिला साधी सर्दी झाली, तरी ताई तिच्या गळ्यावरून बोटं फिरवून पाहतात. परवाच काकांना सांगत होत्या. हाताला गाठ लागत नाही. तरी पुन्हा फिरवतात.

माझा चिमटा आता तुटलाय, त्यामुळे मुक्काम पुन्हा त्याच ड्रॉवरमध्ये. मित्रांनो, नको ते सांगणाऱ्याचा राग येतो, येऊ द्या. पण त्याला अंगावरून उतरवू नका. ताई रोज सकाळी माझ्या जागी आलेला बॅज लावतात आणि नीट बसला ना, म्हणून दोनदा ओढून बघतात. तो आवाज मला इथे आत ऐकू येतो. मग मी निवांत पडून राहतो.