टनात एक दाणा

"दोन शतांश म्हणजे किती जी?" सत्यभामाबाईंनी मला विचारलं.

गावच्या समाजमंदिरात सतरंजीवर अकरा बाया बसल्या होत्या आणि माझ्या हातात नागपूरच्या प्रयोगशाळेचा कागद होता. कागद इंग्रजीत, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी या गावचा कृषी सहायक. वडील जवाहरनगरच्या फॅक्टरीत, त्यामुळे बालपण क्वार्टरमध्ये गेलं. तण मी ओळखायला शिकलो ते पुस्तकातल्या रंगीत चित्रांवरून. तरी लाखांदूरच्या एसटीतून उतरलो की लोक मला साहेब म्हणतात आणि मी ओ देतो.

या अकरा जणींचा गट तीन वर्षांपासून चिनोर पिकवत होता. बारीक, वासाचा तांदूळ. औषध फवारायचं नाही, तण हातानं काढायचं, असा त्यांचा नियम. यंदा पहिल्यांदाच एक कंपनी गटाचं नाव छापून सगळा माल घ्यायला तयार झाली होती. अट एकच होती, तणनाशकाचा अंश सरकारने ठरवलेल्या मर्यादेच्या आत पाहिजे. मी प्रत्येकीच्या घरून मूठमूठ धान घेतलं, एकत्र केलं, कांडून आणलं आणि नमुना पाठवला. कागद म्हणत होता की त्यात तणनाशक आहे, आणि तेही असं, ज्याला धानावर परवानगीच नाही. अशा औषधाला किलोमागे एक शतांश मिलिग्रॅमची मर्यादा असते. आमच्यात दोन शतांश निघालं होतं.

शतांश कसा समजावायचा? मी खिशातून चिनोरचा एक दाणा काढला. म्हटलं, एक टन तांदूळ घ्या, म्हणजे दहा क्विंटल. त्यात या एका दाण्याच्या वजनाएवढं औषध चालतं. आपल्यात दोन दाण्यांएवढं आहे.

बाया हसायला लागल्या. टनात दाणा मोजायचा म्हणजे सरकारला दुसरं काम नाही का, असं सत्यभामाबाईच म्हणाल्या, आणि त्या तर गटाच्या अध्यक्ष. हसल्या नाहीत त्या फक्त शकुनबाई.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "बांधीत एक कर्गा राहिला का पुढच्या साली दहा होतेत. एक म्हणजे कमी नाही."

बांधी म्हणजे बांधानं वेढलेलं धानाचं शेत, आणि कर्गा म्हणजे रानटी धान. लोंबी येईपर्यंत तो हुबेहूब धानासारखाच दिसतो, पुस्तकातल्या चित्रातसुद्धा. शकुनबाई चालता चालता बुडख्याकडे नजर टाकायच्या, वाकायच्या, आणि हजार धानांतून तेवढा एक उपटून बांधावर फेकायच्या. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. वीस बायांची टोळी घेऊन त्या गावोगावच्या बांध्या निंदायच्या. नवरा लवकर गेला, मुलगी निंदणाच्या मजुरीवर वाढवली, सासरी पाठवली. मग औषधं आली. वीस बायांचं चार दिवसांचं काम एक माणूस पंप पाठीला लावून सकाळच्या चहाआधी उरकायला लागला. टोळी मोडली. शकुनबाईंना कोणी बोलावेना. तेव्हा त्यांनीच बायांना गोळा केलं आणि म्हटलं, दुसऱ्याच्या नाही तर आपल्या बांध्या निंदू. गट तसा सुरू झाला. अध्यक्ष सत्यभामाबाई झाल्या, कारण त्यांना सही येत होती.

कंपनीचा माणूस आला तेव्हा शकुनबाईंनी त्याला सांगितलं होतं, आमच्या धानावर औषधाचा थेंब पडला नाही, पडला असेल तर माझ्या हातानं धान चुलबंद नदीत टाकीन. त्याने ते हसण्यावारी नेलं. आम्ही नेलं नाही. या बाईचा शब्द म्हणजे काय, ते गावाला माहीत आहे.

हसू ओसरलं तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की हा थेंब कुणाच्या तरी बांधीतून आला आहे. मग एकेक करून दहा जणींनी मान वळवली ती रिताकडे. रिता गटात सगळ्यात लहान, आणि तिचा नवरा प्रितम मजुरीनं लोकांच्या शेतात औषध फवारतो. पंप त्यांच्याच ओसरीवर टांगलेला असतो.

रिता म्हणाली, "आमचा पंप आमच्या बांधीत उतरलाच नाही." एवढंच बोलली. रडली नाही, ही तिची चूकच झाली. रडली असती तर निम्म्या बाया विरघळल्या असत्या.

कंपनीने आणखी एकच नमुना घ्यायचं कबूल केलं होतं आणि तो आठ दिवसांत पाठवायचा होता. प्रत्येकीचा वेगळा तपासायला ना वेळ होता ना सोय. ज्या घरचं धान खराब ते बाजूला काढा आणि बाकीचं पाठवा, एवढाच मार्ग. नेम चुकला तर दहाही जणींचा चिनोर घरात पडून राहणार आणि तीन वर्षांची मेहनत मातीत जाणार. खोटं कशाला बोलू, माझ्या वहीत मीसुद्धा रिताचं नाव लिहून ठेवलं होतं. सत्यभामाबाई म्हणाल्या, रिताचं धान काढायचं असेल त्यांनी हात वर करा. हात वर जायला लागले.

शकुनबाई उठून उभ्या राहिल्या.

"हात वर करून तण निंघत असतं त मी तीस वर्सं वाकली काहून? मले उद्याचा दिवस द्या. मी बांध्या पाहून येतो. साहेब, तुमीबी चला."

हात खाली आले. पण रिताशी कुणी बोललं नाही. ती एकटीच चप्पल घालून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मार्गशीर्ष चालू होता, धान कापून नेलेलं, बांध्यांत फक्त धसकटं. मी म्हटलं, आता रिकाम्या बांधीत काय दिसणार? शकुनबाईंनी माझ्याकडे पाहिलं ते पाहणं अजून आठवतं. बांधी रिकामी नव्हती. आमच्याकडे धान उभं असतानाच ओल्या मातीत लाखोरीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकतात. धान कापलं की धसकटांमधून ती वर येते. सगळीकडे वीतभर लाखोरी उभी होती.

पहिली बांधी रिताची. शकुनबाई अनवाणी कडेकडेनं फिरल्या, चारही कोपरे पाहिले, दोनदा वाकून माती चोळली. लाखोरी बांधापर्यंत हिरवीगार होती आणि तिच्यात चार जातींचं रुंद पानांचं गवतही डोकं काढून होतं. "औषध पडलं असतं त हे गवत मले रामराम करते का?" त्या म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कागदावरचं औषध रुंद पानांच्या तणाला मारणारं होतं. ते मातीत राहिलं तर लाखोरीही मारणार, तीही रुंद पानांचीच. हे माझ्या पुस्तकात होतं, मी परीक्षेत लिहिलंही होतं, मार्कही मिळाले होते. पण लाखोरीलाच जाऊन विचारावं, हे काही मला सुचलं नव्हतं.

दुपारपर्यंत दहा जणींच्या बांध्या झाल्या. कुठे लाखोरी दाट, कुठे विरळ, पण मेलेली कुठेच नाही. राहिल्या त्या शकुनबाईंच्या. त्यांच्या बांधाशी आल्यावर त्या हळू चालायला लागल्या. वरच्या अंगाला भैय्याजींची मोठी बांधी आहे. तिच्या बांधाला एक तोंड आहे, ते फोडलं की वरचं पाणी खाली शकुनबाईंच्या बांधीत उतरतं. त्या तोंडापाशी सुपाएवढी नाही, चांगली खाटेएवढी जागा उघडी होती. पाणी जसं पसरलं असेल तशीच पसरलेली. तिथे लाखोरीचं एक पान नव्हतं.

शकुनबाई त्या उघड्या मातीवर उकिडव्या बसल्या. मीही शेजारी बसलो. मग त्या बोलल्या.

"साहेब, हे मी तवाच पाहिलं होतं. धान पोटरीत होतं, लोंबी बाहेर याची होती, मी कर्गा पाहाले आली होती. इथलं गवत सडून पडलं होतं. मी खुश झाली. म्हटलं, तेवढं वाकणं वाचलं." त्यांनी माती मुठीत घेतली. "साऱ्या जिंदगीत एकडाव फुकट भेटलं, त काहून भेटलं ते इचारलं नाही."

मला फार वाईट वाटलं. अकराही जणींत जिचं निंदण सगळ्यात चोख, तिच्याच बांधीत ते निघावं!

त्या तिथून थेट भैय्याजींच्या खळ्यावर गेल्या. भैय्याजी गावातले मोठे शेतकरी, कुणाला उत्तर द्यायची सवय नाही. आधी ते उडवाउडवी करत राहिले. मग शकुनबाईंनी ती मातीची मूठ त्यांच्यासमोर उघडली. भैय्याजींनी माती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि शेवटी बोलले.

"टाकलं होतं. लय गवत झालतं. पर चार दिवसानं तूच आली ना, भैय्याजी तोंड फोडा, माही बांधी भेगाळून राहिली म्हणून? पाणी मांगलं त कोण नाही म्हणते?"

ते खोटं नव्हतं. आमच्याकडे वरच्यानं खालच्याला पाणी द्यायचं, ही पिढ्यांची रीत. भांडण असलं तरी पाणी अडवत नाहीत. भैय्याजींनी चांगुलपणानं दिलेल्या पाण्यातूनच औषध खाली उतरलं होतं.

"तुमी पाणी देलं म्हणून धान जगलं," शकुनबाई म्हणाल्या. "ते मी नाही इसरत. पर औषध टाकलं हे सांगा लागत होतं, भैय्याजी. मी आनखी थांबली असती. आता एका पोरीवर आळ आला हाय."

भैय्याजींनी पायाच्या अंगठ्यानं खळ्याची जमीन उकरली. मग म्हणाले, बायांना मी सांगतो. मला वाटलं, नुसतं म्हणण्यापुरतं. पण संध्याकाळी ते समाजमंदिराच्या दारात येऊन उभे राहिले, गळ्यातला दुपट्टा हातात घेतला, आणि अकरा बायांसमोर जे झालं ते सांगितलं. पुढच्या वर्षापासून औषध टाकायच्या आधी कळवीन आणि पंधरा दिवस तोंड बांधून ठेवीन, हेही सांगितलं. या माणसानं आजवर बायकांसमोर मान खाली घातल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

शकुनबाई म्हणाल्या, "माहं धान बाजूले काढा. रिताचं राहू द्या."

सत्यभामाबाईंना ते पटेना. तुमच्याशिवाय गटाचा तांदूळ कसला, असं त्या चारदा म्हणाल्या. पण शकुनबाईंनी शब्द दिला होता आणि तो त्यांना पाळायचा होता. त्या रात्री त्या खरंच पोती नदीवर नेतील अशी मला धास्ती वाटली.

दुसरा नमुना शकुनबाईंनीच काढला. दहा घरांतून दहा मुठी. रिताच्या घरी त्या आधी पाणी मागून प्यायल्या, मग त्यांनी धानाला हात लावला. नमुना पाठवल्यापासून आठव्या दिवशी मोबाईलवर निकाल आला. मी समाजमंदिरात उभा राहून वाचला. त्या औषधापुढे दोनच शब्द होते, आढळले नाही.

"म्हणजे अर्धा दाणा?" कुणीतरी विचारलं.

म्हटलं, अर्धाही नाही. यंत्राला सापडलंच नाही.

मग जो कल्ला झाला तो मी काय सांगू! सत्यभामाबाईंनी, ज्यांना मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, त्यांनी मला दंडाला धरून गरगर फिरवलं. रिताला दोघीतिघींनी कवटाळलं आणि आता ती रडली, पोटभर रडली. हात वर केलेल्या सगळ्या तिच्याभोवती होत्या. ट्रक आला त्या दिवशी सगळं गाव जमलं. पोत्यांवर गटाचं नाव छापलेलं होतं आणि ते वाचता न येणाऱ्या बायाही त्यावरून बोट फिरवत होत्या. भैय्याजींनी स्वतः दोन पोती पाठीवर घेऊन चढवली. निघताना बायांनी शकुनबाईंना ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं आणि गावाच्या शिवेपर्यंत मिरवत नेलं. ट्रकमध्ये त्यांचं एक पोतं नव्हतं. पण सगळा ट्रक त्यांचाच होता, आणि हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं.

शिवेवर उतरून त्या माझ्याजवळ आल्या आणि विचारलं, साहेब, माझ्या धानाचं आता काय? नदी माझ्या मनातून गेली नव्हती, म्हणून पटकन सांगितलं की मर्यादा खाण्याच्या मालाला असते, बिजाईला, म्हणजे बियाण्याला, नसते. नदीत टाकलं तर ते औषध खालच्यांच्याच पाण्यात उतरेल, पण पेरायला ते धान उत्तम आहे. आणि ते नुसतं उत्तम नव्हतं. शकुनबाईंच्या बांधीत कर्गा औषधालाही मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या अंगणात गेलो तर टोपल्यांची रांग लागली होती. बिजाई आमच्याकडे विकत घेत नाहीत, दाण्याला दाणा देतात. पायलीभर न्यायची तर पायलीभर ठेवायची. प्रत्येकीनं ट्रकात द्यायच्या आधी घरी खायला थोडा चिनोर राखून ठेवला होता, त्यातलाच ती घेऊन आली होती. वर्षभर पुरेल एवढं खायचं धान शकुनबाईंच्या ओसरीवर येऊन पडत होतं. सगळ्यात पुढे रिता होती. तिनं शिगोशीग भरलेली पायली शकुनबाईंच्या सुपात ओतली.

शकुनबाईंनी सवयीनं त्यात हात फिरवला आणि थांबल्या. लांब काळ्या कुसळाचा एक दाणा त्यांनी चिमटीत धरून वर केला. कर्गा. रिताचा चेहरा उतरला.

"राहू दे, पोरी," त्या म्हणाल्या. "एक दाणा चालते. सरकारबी चालवते."

दाणा त्यांनी कोंबडीपुढे टाकला आणि रिताची टोपली आपल्या बिजाईनं भरायला घेतली.